'चौक चांगला झालाय, पण...' : प्रतिक्रिया ऐकायला शिकवणारा एक पाठ

इयत्ता : आठवी ते दहावी
विषय : मराठी (पत्रलेखन, वैचारिक लेखन) आणि नागरिकशास्त्र
वेळ : तीन तासिका आणि एक रविवार



'मी चौक बोलतोय' हा निबंध तुमच्यापैकी बहुतेकांनी तपासला असेल. मी शंभरेक तरी तपासलेत. सगळे चौक सारखंच बोलतात. आधी त्यांच्या अंगावर धूळ असते, मग त्यांचा कायापालट होतो, शेवटी ते नागरिकांना स्वच्छता राखायची विनंती करतात. मुलांचा दोष नाही, गाईडमध्ये तसंच छापलेलं असतं.

म्हणून गेल्या वर्षी नववीला विषय जरा बदलून दिला. शेजारच्या एका मोठ्या गावात (नाव घेत नाही) पालिकेसमोरचा चौक नव्यानं केला होता. पेव्हर ब्लॉक, मधोमध कारंजं, भोवतीनं स्टीलचं रेलिंग, हायमास्ट दिवा. आमची निम्मी मुलं त्या गावाला जाऊन-येऊन असतात. म्हटलं, 'चौकाचे सुशोभीकरण : फायदे आणि तोटे' यावर दीड पान लिहा.

एका मुलीनं दीड पानाऐवजी एकच वाक्य लिहिलं : 'चौक चांगला झालाय, पण आमच्या आजीची जागा गेली.'

मी लाल पेनानं खाली लिहिलं, 'मुद्दे स्पष्ट नाहीत. विस्तार करा.' दहापैकी दोन गुण दिले. घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. तिची आजी त्या चौकात भाजी घेऊन बसायची. वर्गातल्या चाळीस वह्यांमध्ये फायदा आणि तोटा एकाच दमात, खोटं न बोलता सांगणारं तेवढंच वाक्य होतं, आणि त्याला मी दोन गुण दिले होते. पुढचा पाठ त्यातून तयार झाला. यंदा तो दुसऱ्यांदा घेतला. तुमच्या गावात चौकाचं, बसस्थानकासमोरच्या जागेचं, तळ्याकाठच्या कट्ट्याचं काम निघालं असेल तर तुम्हालाही घेता येईल.

पहिली तासिका : फलकावरचा शब्द

फळ्यावर एकच शब्द लिहायचा : सुशोभीकरण. मग विचारायचं, यातला 'भी' ऱ्हस्व की दीर्घ? वर्गात दोन तट पडतात, कारण गावातल्या निम्म्या फलकांवर तो ऱ्हस्व असतो. शुद्धीकरण, नूतनीकरण, सुशोभीकरण, या सगळ्यांत दीर्घ 'ई' येते. हा च्वि प्रत्यय. 'आधी जे तसं नव्हतं, ते तसं करणं' हा त्याचा अर्थ. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं म्हणजे शुद्धीकरण.

इथं थांबायचं आणि मुलांना विचारायचं : मग सुशोभीकरण म्हणजे?

'आधी शोभत नव्हतं, ते शोभेसं केलं.' हे कुणीतरी म्हणतंच. पुढचा प्रश्न : शोभत नव्हतं ते काय? कुणी ठरवलं? फलक लागला तेव्हाच एक निकाल देऊन झालेला असतो आणि आपण त्याला कामाचं नाव समजतो. दुरुस्ती, नूतनीकरण, सुशोभीकरण, पुनर्विकास हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण भाजीवाल्या आजीच्या दृष्टीनं चारांत फार फरक आहे. दुरुस्ती झाल्यावर ती परत त्याच जागी बसते. सुशोभीकरणानंतर बसेलच असं नाही.

याच तासाला चौकाचे आपल्याकडचे शब्दही गोळा करायला लावते. चौक, चव्हाटा, तिकटी, तिट्टा. मुरगूडच्या मुलांना मुदाळतिट्टा रोजचा आणि कोल्हापूरची माळकर तिकटी ऐकून माहीत, पण दोन्हींचा अर्थ 'तीन वाटा मिळतात ती जागा' हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. बसायच्या जागांना पार, कट्टा, चावडी असे शब्द. 'चव्हाट्यावर आणणे' हा वाक्प्रचार तर घरोघरी. चव्हाटा म्हणजे जिथं गुपित राहत नाही, चारचौघांत बोलावं लागतं अशी जागा. चौक जाण्यायेण्याइतकाच बोलण्यासाठीही होता, हे भाषेतच लिहून ठेवलंय.

चौकात आधी काय होतं?

दुसऱ्या तासिकेला इतिहास, आणि तो घरापासून सुरू करायचा. मुरगूडमध्ये हुतात्मा तुकाराम चौक आहे. मी विचारलं, हे तुकाराम कोण? चार हात वर झाले आणि उत्तर आलं, 'संत तुकाराम, बाई.' वर्गाला हसू देऊ नका. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुकाराम भारमल हे मुरगूडचे. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी चाल केली, तेव्हा गोळीबारात सात जण हुतात्मा झाले, त्यांतले ते एक. चौकाचं काम करताना फरशी चांगली बसली आणि नाव कुणाचं हे कळेनासं झालं, तर काम पुरं झालं म्हणायचं का? मुलांपुढं प्रश्न ठेवायचा, उत्तर द्यायचं नाही.

मग कोल्हापूर. शक्य असेल तर एसटीनं सहल काढा, निढोरी-कागलवरून. भाऊसिंगजी रोडवर सगळं हाताच्या अंतरावर आहे. मेजर मँट यांनी आराखडा केलेला, १८७० च्या दशकात बांधलेला टाऊन हॉल, जिथं आता वस्तुसंग्रहालय आहे. पुढं महापालिका. तिथून चालत काही मिनिटांवर शिवाजी चौक.

शिवाजी चौकातला पुतळा मुलांनी दहा वेळा पाहिलेला असतो. त्याच्याआधी तिथं कोण होतं, हे विचारल्यावर मात्र सगळे गप्प. तिथं लेस्ली विल्सन या इंग्रज अधिकाऱ्याचा पुतळा होता. हा १९२३ ते १९२८ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. १९४२ ची चळवळ पेटल्यावर जयाबाई हविरे आणि भागीरथीबाई तांबट या दोघींनी भर चौकात त्या पुतळ्यावर डांबर आणि ॲसिड टाकलं. पुढच्या वर्षी तरुण क्रांतिकारकांनी तो फोडला. १९४५ साली भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला.

हा प्रसंग मी मुलांना 'लोकांची प्रतिक्रिया' म्हणून शिकवते. पालकांपैकी एकानं मला विचारलंही, 'बाई, मुलांना ॲसिड टाकायला शिकवताय काय?' प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर वर्गातच मिळतं. मुलांना विचारायचं, जयाबाई आणि भागीरथीबाईंना अर्ज देता आला असता का? कुणाला? मत द्यायला निवडणूक होती का? जिथं हरकत नोंदवायला खिडकीच नसते तिथं प्रतिक्रिया कुठलं रूप घेते, ते १९४२ नं दाखवलं. आज खिडकी आहे. ती वापरायची कशी, हे तिसऱ्या तासिकेत येतं. आणि ती वापरूनही कुणी ऐकलं नाही तर काय, हा प्रश्न एखादा मुलगा विचारतोच. विचारू द्या.

पुढं बिंदू चौक. ९ डिसेंबर १९५० ला तिथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले. माधवराव बागलांचा त्यात पुढाकार होता. त्या दिवशी बाबासाहेब हयात होते, हे मुलांना खरं वाटत नाही. पुतळा गेलेल्या माणसाचाच असतो, अशी त्यांची पक्की समजूत. कोल्हापूरच्या लोकांनी वाट पाहिली नाही. दोन चौकांत काही मिनिटांचं चालणं आणि पाच वर्षांचं अंतर. एकीकडं जागा परत घेतली, दुसरीकडं जागा कुणाला द्यायची ते ठरवलं.

कोल्हापूरच्या शिवाजी चौकात जुनं जाऊन नवं आलं. पण दर वेळी तसंच होतं असं नाही, हे दाखवायला मुंबईची दोन उदाहरणं पुरतात. काळा घोडा चौकातला राजा एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत नेला. पुतळा गेला, पण लोकांच्या तोंडातून 'काळा घोडा' गेला नाही. पन्नासेक वर्षं घोडा नसलेल्या जागेला लोक काळा घोडाच म्हणत राहिले, आणि २०१७ मध्ये तिथं पुन्हा एक घोडा आला, या वेळी स्वाराशिवाय. प्रतिक्रिया ही अशीही असते. कुणी मोर्चा काढत नाही, पण टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना जुनंच नाव सांगतात.

दुसरं, हुतात्मा चौक. तिथं १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक शेजारी शेजारी आहे. इंग्रजी काळातलं कारंजं काढून टाका, असं म्हणता आलं असतं. ते ठेवलं, आणि दुरुस्त होऊन २०१९ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. त्या भागात काम चालू असताना जमिनीखाली जुन्या ट्रामचे रूळ सापडले. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद पडलेली. मला यातलं हे फार आवडतं, की जुनं कारंजं नीट करायला गेलेल्यांना त्याहून विसरलेलं काहीतरी हाती लागलं. आपल्या गावात जेसीबी लावून एका रात्रीत चौक खणला तर खाली काय होतं, हे बघायला कोण असतं?

रविवारचं काम : बोलणं टिपून आणायचं

आता खरा भाग. दोन-दोन मुलांची जोडी करायची. प्रत्येक जोडीनं चौकातल्या पाच माणसांचं प्रत्येकी एक वाक्य आणायचं. प्रश्न एकच : 'चौक नवा झाल्यावर तुमच्यासाठी काय बदललं?' 'तुम्हाला चौक आवडला का' असं विचारायचं नाही. त्याला लोक 'हो, लई भारी' म्हणून पुढं जातात. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. चाळीस मुलांनी दीडशे 'लई भारी' आणले.

वाक्य जसं बोललं तसंच लिहायचं. 'आमी' ला 'आम्ही' करायचं नाही. प्रमाणभाषेत बदललं की वाक्य गुळगुळीत होतं आणि बोलणारा त्यातून निघून जातो. वाक्याशेजारी तीन गोष्टी लिहायच्या : बोलणारा चौकात कुठं उभा होता, किती वाजता, आणि कशासाठी आला होता. नाव लिहायचं नाही.

मुलांनी आणलेली काही वाक्यं देते.

'रातचं उजेड असतोय, क्लासला पोरीला एकटी सोडाय भ्या वाटत न्हाई.' (शिवणकाम करणाऱ्या एक बाई, संध्याकाळी सात)

'झाड होतं तवा वडापची माणसं सावलीला थांबायची. आता दुकानाच्या पायरीवर येऊन बसत्यात, मालक वरडतोय.' (वडाप चालक, दुपारी दोन)

'कारंजं बघाय सुट्टीला पोरं येत्यात, माझा धंदा वाडलाय.' (आइस्क्रीमची गाडी, रविवारी संध्याकाळी)

'पायऱ्या केल्यात, मला चढाय येत न्हाई. खालनंच जातो.' (काठी घेतलेले आजोबा, सकाळी दहा)

'बोळात बसतो आता. गिऱ्हाईक बोळात येत न्हाई.' (भाजीवाल्या आजी, सकाळी नऊ)

वर्गात ही वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायची आणि फळ्यावर चौकाचा नकाशा काढून ज्याची त्याची चिठ्ठी त्याच्या जागी चिकटवायची. मुलांना आपोआप दिसतं की चौकाला खूश असलेले बहुतेक लोक संध्याकाळचे आहेत आणि तक्रार करणारे दिवसाचे. एका मुलानं हे शोधून काढलं. मला स्वतःला दिसलं नव्हतं. चौक संध्याकाळसाठी केलाय, दिव्यांसाठी, फोटोसाठी. उन्हात कामाला उभं राहणाऱ्यांचा त्यात विचारच झाला नव्हता.

म्हणून 'फायदे-तोटे' असा विषय देणं मी सोडून दिलं. दोन रकाने केले की आइस्क्रीमवाला आणि भाजीवाली एकमेकांचे विरोधक होतात. प्रत्यक्षात दोघांचंही म्हणणं खरं असतं आणि दोघांनाही एकमेकांविषयी काही तक्रार नसते.

आजोबांच्या पायऱ्यांवरून दूरचं एक उदाहरण सांगता येतं. अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या सिटी हॉलपुढं, म्हणजे तिथल्या महापालिकेपुढं, १९६८ मध्ये मोठं विटांचं पटांगण केलं. शिल्पज्ञांनी वाखाणलं, पण लोक वर्षानुवर्षं कुरकुरत राहिले : सावली नाही, वारा झोंबतो, पायऱ्याच पायऱ्या. २०२२ मध्ये ते नव्यानं खुलं झालं तेव्हा मुख्य बदल दिखाव्याचे नव्हते. पायऱ्यांऐवजी चाकाच्या खुर्चीवरूनही जाता येईल अशी उताराची वाट, झाडं, बसायच्या जागा, मुलांचं खेळायचं मैदान. कुरकुर ऐकायला पन्नासेक वर्षं लागली. आपल्याकडं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता याव्यात असं सांगतो. म्हणजे उतार मागणं ही आजोबांची मेहेरबानीची विनंती राहत नाही. मुलांना हे कळलं की पत्रातली 'कृपया' कमी होते आणि मुद्दा वाढतो.

तिसरी तासिका : प्रतिक्रियेचं पत्र

इथं नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडायचं. मी मुलांना विचारते, निढोरीसारख्या गावात चौकाचं काम निघालं तर लोक कुठं बोलतील? ग्रामसभेत, हे त्यांना माहीत असतं. मतदार यादीत नाव असलेला कुणीही तिथं उठून विचारू शकतो. मग मुरगूडसारख्या नगरपालिकेच्या गावात? इथं मुलं अडखळतात, आणि खरं सांगायचं तर मोठेही अडखळतात. नगरपालिकेला ग्रामसभा नसते. सभेत बोलतात ते नगरसेवक. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं वॉर्ड समित्या दिल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना सक्तीच्या. आपली गावं त्याच्या कितीतरी खाली. खेड्याला ग्रामसभा, मोठ्या शहराला वॉर्ड समिती, आणि मधल्या गावाला काय? कट्ट्यावरची चर्चा. म्हणून लेखी पत्राचं महत्त्व आपल्यासारख्या गावांत जास्त.

दहावीला मागणीपत्र आणि विनंतीपत्र असतंच. तोच आराखडा वापरायचा, फक्त काल्पनिक 'अ. ब. क.' ऐवजी खरा चौक. पत्र कुठल्या टप्प्यावर जातं यावर बरंच ठरतं, हे आधी समजावून द्यायचं. काम मंजूर होण्याआधी आराखडा आणि अंदाजपत्रक तयार होतं, सभेत ठराव होतो, निविदा निघते, मग कार्यादेश. कार्यादेशानंतर दिलेली प्रतिक्रिया बहुतेक वेळा नुसती हळहळ ठरते. लोक मात्र फरशी उखडल्यावरच बोलायला लागतात, कारण तोवर कुणाला काही दिसलेलंच नसतं. आराखडा आधी बघायचा असेल तर माहितीचा अधिकार आहे : २००५ चा कायदा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. अर्ज पालकांनी करायचा, मुलांनी मसुदा लिहायचा. आमच्या दोन पालकांनी केलाही.

झाड तोडायचं असेल तर शहरी भागासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यात आधी जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. भाजीवाल्या, फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. हा आकडा सांगितल्यावर ती मुलगी पहिल्यांदा वर्गात आपणहून बोलली. म्हणाली, 'मग आमच्या आजीला समितीत बसता येतंय?' म्हटलं, निवडून आली तर येतंय.

पत्र मुलांनी सहा वेळा लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'प्रशासनाचा जाहीर निषेध' होता, कुठल्यातरी फलकावरून उचललेला. मी तो काढायला सांगितला नाही. एवढंच विचारलं, ज्याला उतार हवाय त्याचं काम निषेधानं होईल की उताराची रुंदी लिहिल्यानं? मग मुलं फूटपट्टी घेऊन गेली आणि पायऱ्यांची उंची मोजून आली. शेवटच्या पत्रात तीन मागण्या राहिल्या : एका बाजूला उतार, वडापच्या थांब्याशेजारी सावलीची दोन झाडं, आणि सकाळी आठ ते बारा भाजीसाठी रेलिंगच्या आतली पूर्वेची कड. कारंज्याबद्दल आणि दिव्यांबद्दल आभाराचं एक वाक्यही मुलांनीच घातलं. शिवणकाम करणाऱ्या बाईंचं म्हणणं पत्रात यायला पाहिजे, असं त्यांचं मत पडलं.

पत्र आवक विभागात दिलं. पोच घ्यायची आणि त्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का बघायचा, हेही शिकवायचं राहू देऊ नका. परीक्षेच्या पत्रात शिक्का नसतो, त्यामुळं पत्र पाठवलं की पोचलं असंच मुलांना वाटतं. महिनाभरानं स्मरणपत्र दिलं. एका बाजूचा उतार झालाय, सिमेंटचा, थोडा उभट, पण आजोबा आता वरनं जातात असं मुलं सांगतात. झाडं लावलेली नाहीत. भाजीच्या जागेबद्दल अजून काही लेखी आलेलं नाही. आजी अजून बोळातच बसतात.

त्या मुलीची जुनी वही मी परत मागून घेतली होती. लाल पेनानं लिहिलेलं खोडता आलं नाही, म्हणून त्याच्याखाली निळ्या पेनानं दोनाचे आठ केले. तिनं विचारलं, 'बाई, दोन कशाचे कापले?' म्हटलं, वेळेचे. कुठला भाजीपाला, किती वाजता, ते लिहिलं असतंस तर दहा दिले असते. ती म्हणाली, 'मेथी आणि पोकळा. सकाळी सहाला.' तेही तिला वहीत लिहायला लावलं.